बाबा ओरडले नाहीत

दुसरं गाणं संपत आलं तरी पडवीतून बाबांचा ओरडा आला नाही, तेव्हा सत्यवानाने आवाजाचं बटण चाचपून पाहिलं.

त्याने परशुरामकडे पाहिलं. खाडीवरचं काम भावाच्या गळ्यात टाकून, सकाळची एसटी पकडून परशुराम आरोंद्याहून शिरोड्याला आला होता, तो केवळ ही कॅसेट ऐकायला. ती सत्यवानाच्या थोरल्या भावाने, लवूने, बोटीवरच्या नोकरीतून पाठवलेली. जिल्हा नवा झाला होता खरा, पण त्यात हेवी मेटल ऐकणारी माणसं असून असून दोनच, आणि ती दोन्ही आत्ता टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसली होती.

"मशीन बिघडलां," परशुराम म्हणाला. "गिटार खंय गेली?"

"आसा मरे. पाठसून वाजता."

"पाठसून? गिटार पाठसून?"

गिटार दबून मागे गेली होती आणि पुढे काहीतरी गुळगुळीत वाजत होतं. ड्रम होते, पण उशीवर बडवल्यासारखे. गाणारा आजवर विहिरीत ढकलल्यासारखा किंचाळायचा. तो आज चक्क गात होता. सत्यवानाने कव्हर पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. नाव तेच, माणसं तीच चार. मात्र आधीच्या कव्हरांवरची कवटी गेली होती, काळं चामडं गेलं होतं. चौघे पांढरे कोट घालून, केस फुगवून, वरातीला निघाल्यासारखे उभे होते.

बुडत्याला काडीचा आधार, तसा मग दोघांना टेपरेकॉर्डरचा. खाऱ्या हवेने हेड खराब होतं हे इथे कोणीही सांगेल. सत्यवानाने स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं. परशुरामने झाकण उघडून बेल्ट दाबून पाहिला. मग खात्री करायला त्यांनी जुनी कॅसेट लावली.

पहिल्याच ठोक्याला कौलांवरचे कावळे उडाले.

"सत्यवाना!" पडवीतून बाबा गरजले. "बंद कर रे तां! घराची कौलां खाली येतली!"

सत्यवानाने घाईघाईने बटण दाबलं. म्हणजे मशीन ठीक होतं. बाबाही ठीक होते. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

या घरात काय शिजायचं, कोणी कधी झोपायचं, सत्यवानाने मुंबईच्या कुठल्या कचेरीत चिकटायचं, सगळं बाबा ठरवत. ही एकच गोष्ट त्यांच्या हद्दीबाहेरची. इथे ते दारापर्यंत येत आणि कानांवर हात ठेवून परत फिरत. ते ओरडले की सत्यवान आवाज जरासा कमी करी आणि मनातल्या मनात राजा होई.

नवी कॅसेट पुन्हा लागली. तिसरं गाणं सुरू झालं. सत्यवानाने आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. ओरडा, बाबा, एकदा ओरडा, असं तो देवाला घालावं तसं साकडं घालत होता.

पडवीत बाबा सुपारी कातरत होते. कट्, कट्, अडकित्त्याचा आवाज येत होता. तो ऐकता ऐकता सत्यवानाने कान टवकारले. अडकित्ता गाण्याच्या तालात पडत होता.

"परशा, आयकतंस?"

परशुरामने नुसती मान हलवली. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

अडकित्ता थांबला. पावलं वाजली. बाबा दारात आले आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. ते उंबरठा ओलांडून आत आले आणि सत्यवानाच्या खाटेवर बसले.

"ह्ये कोण रे?"

सत्यवानाने बँडचं नाव सांगितलं. सांगताना त्याला चोरट्यासारखं झालं.

"आधी बोंबलायचे तेच?"

"व्हय."

"मगे आता शाणे झाले म्हणायचे!" बाबा खुशीत हसले. "बरां वाजवतत. वायच वाढय आवाज."

सत्यवानाने वाढवला. बाबा डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं वाजवत ऐकत राहिले. परशुराम जमिनीकडे बघत होता. गाणं संपलं तसा बाबांनी कॅसेट मागत हात पुढे केला.

"हाड ती हय. माझ्या कपाटात ऱ्हवांदे, भजनांच्या कॅसेटींवांगडा. तुझ्याकडे वाट लागतली तिची. सकाळी पूजा झाली की रोज लावया."

एरवी आपल्या कॅसेटला कोणी बोट लावलं तर सत्यवान अंगावर धावून जाई. आज त्याने ती काढली, कव्हरात घातली आणि मुकाट देऊन टाकली. भांडावं इतकीही ती आपली वाटली नाही, याचंच त्याला फार वाईट वाटलं.

बाबा गेले. आतल्या खोलीत कपाटाची किल्ली फिरली.

परशुराम झटकन उठला. त्याने दार लोटलं, खाटेखालचा खोका ओढला आणि त्यातल्या जुन्या कॅसेटी भराभर आपल्या पिशवीत टाकायला लागला.

"ह्यां काय करतंस?"

"माझ्याकडे ठेवतंय. हयसर नको." त्याने पिशवीचं तोंड आवळलं. "माणसाचो काय भरवसो रे? उद्या तुझ्या बाबांका ह्यो पण आवडल्यो तर?"