भरोशाचा माल

पैसे मोजून डिझाइनचं सॉफ्टवेअर घेणारा बॅनरवाला आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. ते विरजणासारखं एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, पेनड्राइव्हवरून जातं. मारेगावच्या भगवानकाकांचं असंच चोरीचं सॉफ्टवेअर ऐन लग्नसराईत बंद पडलं आणि अकरा नवरदेवांचे बॅनर अडकले. नवी कॉपी मागायला काकांनी थेट घाटंजी गाठलं, गझालाचं बॅनरचं दुकान.

"काका, मी तं दोन वर्षांपासून या दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर काम करून राह्यली," गझाला म्हणाली. "फुकट आहे. जगभरातले लोकं मिळून बनवतात अन् वाटून टाकतात. चोरीचं नाही, रीतसर परवानगीचं आहे."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "फुकट, अन् वरतून परवानगीचं? असं कोणी कायले देईन? नक्कीच व्हायरस असन त्यात!"

त्याच सॉफ्टवेअरमध्ये केलेले बॅनर समोरच्या भिंतीवर टांगलेले होते. काकांनी ते बोटानं चाचपून पाहिले, वाहवा केली, आणि चपला शोधायला लागले.

गझालानं कपाळावर हात मारला. मग उठून शटर अर्धं खाली ओढलं, तेच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकलं आणि काकांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बरं, मंग हे घ्या. अस्सल चोरीचं आहे. कोणाले सांगू नका."

 

पेनड्राइव्ह कपाळाला लावत काका म्हणाले, "आता कशी इमानदारीनं बोलली, बेटा!"