पायानं निवडलेलं पॉलिश

वडसातली एक नाटक कंपनी बंद पडली. तिच्या स्टेजच्या सागवानी फळ्या पारबताबाईंनी विकत घेतल्या आणि वारलू सुताराकडं जेवणाचं टेबल करायला टाकल्या.

टेबल उभं राहिलं. वारलूभाऊंनी उरलेल्या तीन तुकड्यांवर लॅकर, चपडा पॉलिश आणि जवसाचं तेल असे नमुने करून बाईंपुढं ठेवले. कोणतंही गिऱ्हाईक अशा वेळी हात फिरवून पाहतं. बाईंनी चपला काढल्या आणि एकेका तुकड्यावर पाय घासला.

"बाई, लॅकर घ्या. आरशावानी चमकते."

"चमकू दे. घसरते ना!"

"ताट नाई घसरत त्याच्यावर."

"ताटाचं कोन म्हंते? मले तेलच लावून द्या."

सत्तरीची बाई आणि जेवायच्या लाकडाला पाय लावते! वारलूभाऊंनी कपाळावर हात मारला. तरी गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणं फळ्यांना तेल पाजलं, खडखडीत सुकू दिलं आणि टेबल बाईंच्या घरी पोचवलं.

सून हौसेनं ताटं मांडायला आली.

"थांब वं, जेवन मंग करू," म्हणत बाईंनी लुगड्याचा पदर कमरेला खोचला, पायांत घुंगरू बांधले आणि वारलूभाऊंच्या खांद्यावर भार देऊन त्या थेट टेबलावर चढल्या. एक गिरकी घेतली. पाय जराही घसरला नाही.

"सारी जवानी याच फळ्याइवर नाचली मी," धापा टाकत त्या हसल्या. "वारलूभाऊ, उभे काऊन? बसा खाली. पयली रांग तुमची."