खसचं सरबत

आमच्या कुमुदचं लग्न झालं, त्या वर्षी तिच्या डोक्यावर हात ठेवून यांनी दारू सोडली. तेव्हापासून संध्याकाळी गॅलरीत खसचं सरबत घेऊन बसायचे. पेल्यावर भोकांचा चमचा, त्यावर साखरेची वडी, वरून थेंबथेंब गार पाणी. कधी लिंबू पिळायचे, कधी सोडा. मला हात लावू देत नसत. "तुला प्रमाण जमायचं नाही," म्हणायचे. मी हसायचे. दारू सुटली, एवढं मला पुरे होतं.

कुमुद पहिल्या बाळंतपणाला आली, ती उन्हानं दमून. हे आत झोपले होते. मी त्यांच्या कपाटातली बाटली काढून तिच्यासाठी सरबत ओतलं, पाणी घातलं. यांच्या पेल्यात व्हायचं, तसंच ते दुधासारखं पांढरं झालं. बडीशेपेचा वास सुटला.

कुमुदनं पेला बाजूला सारला. "मला नको, आई. दारू आहे ती. अ‍ॅबसिंथ म्हणतात. आमचे हे जहाजावरून आणतात बाबांसाठी."

"तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता गं त्यांनी."

"बाबा म्हणाले, आईला बाटलीत हिरवं दिसलं की पुरे."

मी तो पेला तसाच यांच्या उशाशी नेऊन ठेवला.

कुमुदला मुलगी झाली. बारशाच्या आधी, श्रावणात, हे लिव्हरच्या दुखण्यानं गेले.