आनंदी रहिवासी

विक्री सांभाळणाऱ्या मुलीने निवृत्त निरीक्षकांच्या खिशावर बिल्ला टोचला. ‘आनंदी रहिवासी’. जरा तिरका बसला म्हणून तिने तो काढून पुन्हा टोचला.

"काका, फार बोलायचं नाही. पाहुणे विचारतील त्याचं हसून उत्तर द्यायचं. आज दोन खोल्या जरी विकल्या गेल्या, तरी काकूंना खिडकीची खोली. माझा शब्द."

"दोन?"

"बरं, एक."

काकू, म्हणजे निरीक्षकांची बायको, शेजारच्या खुर्चीत बसून श्वास जपून घेत होती. तिचा बिल्ला तिने पर्समध्ये टाकला होता. घर विकून दोघं या जहाजावर कायमची राहायला आली, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. भाड्याच्या घरापेक्षा स्वस्त आणि उशाशी रोज नवा समुद्र, असं जाहिरातीत होतं. स्वस्त होतं, त्यात वाद नाही. पण त्यांच्या वाट्याला आलेली खोली सगळ्यात खालच्या मजल्यावर, इंजिनाला पाठ लावून होती. तिला खिडकीच नव्हती. हवा यायची ती छताच्या जाळीतून, तेलाचा वास सोबत घेऊन. तिचा दमेकरी श्वास त्या जाळीशी भांडून केव्हाच हरला होता. अर्धा दिवस ती वरच्या जिन्याच्या पायरीवर काढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाय आखडून वाट द्यायची.

जहाज धक्क्याला लागलं होतं. भोजनगृहातल्या टेबलांवर आज कापडं होती. पाहुणे उतरले की ती पुन्हा कपाटात जाणार होती.

खोल्या बघायला आलेल्या पाहुण्यांतला जाड भिंगाच्या चष्म्याचा एक गृहस्थ निरीक्षकांसमोर थबकला.

"साहेब? वजनमाप खात्याचे साहेब ना? अहो, मी किराणावाला, चौकातला! तीनदा काटा धरलात माझा." मग बायकोकडे वळून, "अगं, हेच ते. पन्नास ग्रॅमसाठी मला कोर्टात उभं केलं होतं."

"बरं केलं," बायको म्हणाली.

किराणावाल्याने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "त्या पोरीचं सोडा, ती विकायलाच बसलीये. मीही जन्मभर तेच केलं. तुम्ही मात्र कधी कुणाच्या दुकानात चहासुद्धा घेतला नाहीत. म्हणून तुम्हाला विचारतो. दुकान विकलं, आता घर विकून इकडे यायचं म्हणतोय. मूलबाळ नाही आम्हाला. एकदा आलो की परत जायला जागा नाही. येऊ का?"

निरीक्षकांनी आपल्या बायकोकडे पाहिलं नाही.

"जेवण तीन वेळा मिळतं," ते म्हणाले.

"आणि डॉक्टर?" किराणावालीने विचारलं. "ह्यांना शुगर आहे."

"चोवीस तास जहाजावरच असतो."

असायचा खरा. सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच गोळी होती, मळमळीची. मोठं काही झालंच, तर पुढच्या बंदरापर्यंत धीर धरा, हे तो फार गोड आवाजात सांगायचा.

"गावं बघायला मिळतात ना?"

"दर आठवड्याला नवं बंदर."

तेही खरं. स्वस्तातलं जहाज मालधक्क्यावर लागतं आणि तिथून गाव दोन तास लांब असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. निरीक्षकांच्या आतापर्यंत पाच देशांच्या क्रेन बघून झाल्या होत्या.

मापात मारणारा दुकानदार खोटी वजनं ठेवत नाही. वजनं अगदी शिक्क्याची असतात, फक्त पारड्याच्या बुडाला मेणाचा एक गोळा असतो. तो नेमका कुठे चिकटवतात, हे निरीक्षक डोळे मिटून सांगू शकत. त्यांनी बोटं पँटला पुसली.

"एकूण कसं वाटतं राहायला?"

"सवय झाली की घरच वाटतं."

किराणावाल्याचा चेहरा सैल झाला. "मग झालं तर! तुम्ही सांगितलंत, आता फेरतपासणी नको." दोघं नवराबायको त्या मुलीच्या टेबलाकडे गेली.

"एकही शब्द खोटा नव्हता," निरीक्षकांची बायको म्हणाली.

"नव्हता ना?"

"तेच म्हणतेय मी."

तिला खोकला आला. निरीक्षकांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने टेबलावरचा दुसरा उचलला.

"साहेब!" पलीकडून हाक आली. "जरा या हो. साक्षीदार पाहिजे म्हणतात. इथे तुमच्याशिवाय आम्हाला ओळखतंय कोण? आणि वाचूनही घ्या, बारीक अक्षर मला दिसत नाही."

मुलीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं होतं. निरीक्षकांनी सवयीने वरपासून वाचायला घेतलं. सर्वांत खालचा मजला. इंजिनालगत. बिनखिडकीची.

"ही कुठली खोली?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आजच रिकामी होतेय, काका," मुलगी हसली. "तुम्ही वर जाताय ना."

"म्हणजे साहेबांचीच खोली?" किराणावाला खूश झाला. "अगं ऐकलंस का, साहेबांची खोली! मग बघायचं काय राहिलं? वाचलंत ना साहेब, सगळं बरोबर आहे?"

भोजनगृहाच्या दुसऱ्या टोकाला खोकला अजून थांबला नव्हता.

"बरोबर आहे," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी सही केली.

किराणावाल्याने कागद उचलून भिंगाजवळ नेला. सहीवरून हलकेच बोट फिरवलं.

"तश्शीच आहे हो अजून! काटा खरा असल्याच्या दाखल्यावर हीच होती. फ्रेम करून गल्ल्यामागे लावला होता मी. गिऱ्हाईक एकदा सहीकडे बघायचं आणि निमूट माल घेऊन जायचं."