हिरव्या पानाचं पाकीट

सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं गुलाबी रंगासाठी नायट्राइट घातलेले सॉसेज त्यांना कायमचे बंद केले. माझा नवरा नासिर, म्हणजे पुसदचा सॉसेजसम्राट, तेच विकायचा. मी म्हटलं, “मीठ-हळद लावून दोरीवर वाळवलेलं गोश्त विका.” “ते करडं कातडं कोण घेईन?” तो फिसकन हसला. मग त्यानं पालकाचा अर्क टाकला, तोच गुलाबी रंग आणला आणि पाकिटावर हिरवं पान छापलं: ‘केमिकलमुक्त’. “अर्कातूनही नायट्राइटच बनते ना जी?” मी विचारलं. “बाई पालकाले जहर म्हणून राह्यली!” तो गिऱ्हाइकांसमोर खिदळला. गिऱ्हाइकंही खिदळली. शुक्रवारी जेवताना सासऱ्यांनी पोराच्या कौतुकानं नवे सॉसेज मागितले. मी ताटलीत वाढले. त्यांनी घास उचलला, तशी नासिरनं झडप घालून ताटली ओढली. “अब्बाले नको!” मी ताटली त्याच्यापुढं सरकवली. “काहून जी? पालकच आहे ना?”