भरला कप

खामगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात लाइट क्षणभर गेली, तरी वजनकाट्याचा लिनक्स कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू होई. वजनाचा प्रोग्राम आणि नोंदींचा डेटाबेस एकदमच उठत. प्रोग्राम आधी उठला, की डेटाबेस न सापडून तो बंद पडे. कोणीतरी उपाय म्हणून त्याला नुसतंच पाच मिनिटं थांबायला लावलं होतं. तोवर कापसाच्या गाड्या खोळंबत. दुरुस्तीला आलेल्या मदिहाने ते थांबणं खोडलं आणि एकच ओळ लिहिली: डेटाबेस तयार झाल्यावरच उठ. लाइट गेली, आली. काटा लगेच सुरू झाला. सावलीत गुडघे धरून नुकतीच टेकलेली मजूर तानाबाई भरला कप तसाच ठेवून कापसाचं टोपलं उचलायला निघाली. म्हणाली, “पोरी, हे आता थांबत नाही काय वं? तेवढ्यातच आमचा चहा होये.” मदिहाने आपली ओळ राहू दिली. तिच्याखाली पुन्हा लिहिलं: पाच मिनिटं थांब.