अर्जावरचा फोटो
साहेब, फोटोत डोळे मिटलेले दिसतात म्हणून तुम्ही पाचवीतल्या मंजूचा वसतिगृहाचा अर्ज दोनदा भिरकावलात. आज शेवटची तारीख. अर्धवट उघडणाऱ्या पापण्यांचा दुर्मिळ आजार पोरीला आईकडून मिळालेला. डोक्यावरची चाई मात्र तिची एकटीची. धानाची रोवणी सोडून आलेल्या आईने केस गळालेले गोल चट्टे काजळाने भरले होते. ऑफिसातल्या कॅमेऱ्यामागून तुम्ही खेकसलात, "मान खाली घे, डोळे उघड!" दोन्ही एकदम होत नाही, हे आईला जन्मापासून ठाऊक; मान वर केली की लोक उर्मट म्हणतात, म्हणून ती आयुष्यभर जमिनीकडेच बघत आली. "चाल वं माय घरी," आई पोरीला पुटपुटली. पोरीने ओढणीने डोक्यावरचं काजळ खसाखसा पुसलं, हनुवटी वर केली. "मान वर केली तरच दिसते आमाले. असाच काढा." आईनेही मान उचलली, पहिल्यांदाच तुमच्याकडे रोखून पाहिलं. "आयकलं ना साहेब? मंग फोटो काहून नाही काढून राहिले?"